ओली खोली

“पलंग हलवा मावशी,” पंपवाला म्हणाला. “पाणी त्याच्याखालीच चाललंय.”

त्याने तळघराच्या दारापाशी मगभर पाणी ओतलं होतं. पाणी फरशीवर जरा घुटमळलं, मग कुणी बोलावल्यासारखं सरळ आत्याच्या पलंगाखाली जाऊन बसलं.

“सगळ्या घरात तुला माझ्या पलंगाखालचीच जागा सापडली होय रे?”

“मी कुठे शोधली? पाण्याने शोधली. सगळ्यात खोलगट जागा ती, म्हणजे खड्डा तिथेच. दुसरीकडे खणला तर पंप कोरडा बसेल आणि तुम्ही ओल्या.”

“मी ओलीच आहे. मला काय नवीन?”

आत्या म्हणजे घरमालकाची थोरली बहीण. बिनलग्नाची. लोकांच्या पँटी आखूड करायच्या, चेनी बदलायच्या, अंग सुटलेल्या माणसांचे कपडे सैल करायचे, यावर तिचं पोट. भावाचं लग्न झालं तेव्हा वर जागा पुरेना म्हणून ती ‘तात्पुरती’ तळघरात उतरली. ‘तात्पुरतं’ हा शब्द घरात एकाच माणसाच्या वाट्याला येतो, आणि त्या माणसाचे केस त्या शब्दातच पांढरे होतात.

पावसाची झड लागली की भिंत आणि फरशी यांच्या सांध्यातून पाणी पाझरायचं. आत्या ते पातेल्याने बादलीत भरायची, बादली जिन्यावरून वर न्यायची, बाहेर ओतायची, परत खाली. वर टीव्ही चालू असायचा. पाहुण्यांपैकी कुणी विचारलंच तर भावजय म्हणायची, “वन्संना सवय आहे त्याची.” माणसाला राबवायचं आणि त्याला सवय म्हणायचं! हा धंदा घराघरांत चालतो आणि त्याला कुणी धंदा म्हणत नाही.

आता पंप बसत होता तो आत्यासाठी नव्हे. पुतण्याने घरूनच काम करायचं ठरवलं होतं आणि त्याला ऑफिस हवं होतं. तळघर कोरडं झालं की आत्याने जिन्याखालच्या कोठीत जायचं, असं जेवताना ठरलं. ठरवताना आत्या तिथेच बसली होती. तिला फक्त भात वाढू का म्हणून विचारलं.

“मशीन मावेल का गं त्या कोठीत?” तिने भावजयीला विचारलं होतं.

“मशीन कशाला आता वन्सं? डोळे बघा तुमचे. बसा की आरामात.”

त्या कोठीला खिडकी नव्हती. आरामात बसून भिंतीकडे बघायचं होतं.

पंपवाल्याने फरशी फोडली. वर धूळ गेली तशी भावजयीने दार लोटून घेतलं. गडी बोलका होता. माती काढताकाढता स्वतःच्या सासऱ्याची नक्कल करून दाखवायचा, आणि आत्या तोंडाला पदर लावून हसायची. खड्ड्याच्या तळाला त्याने खडी पसरली, भोकं पाडलेला प्लास्टिकचा पिंप आत उतरवला, त्यात पंप ठेवला आणि पाइप भिंतीतून बाहेरच्या गटारापर्यंत नेला. कडेने सिमेंट घोटून बसवलं.

“हा गोळा कशाला?” आत्याने विचारलं.

“तोच तर मुकादम आहे. पाणी चढलं की गोळा तरंगत वर येतो, पंप चालू. पाणी उतरलं, गोळा खाली, पंप बंद. तुम्ही फक्त झोपा काढायच्या.”

“आणि गोळा वर आलाच नाही तर?”

“तर पंप मुकाट पडून राहणार आणि पाणी वर येणार. पण न यायला काय झालंय त्याला?”

चाचणीच्या वेळी सगळे खाली आले. बऱ्याच दिवसांनी त्या खोलीत एवढी माणसं उभी होती. पंपवाल्याने खड्ड्यात बादल्या ओतल्या, पंप घुमला, पाणी बघताबघता खाली गेलं. पुतण्याने टाळी वाजवली. भाऊ म्हणाला, “हे आधीच करायला हवं होतं.” आधी का केलं नाही, हे कुणी विचारलं नाही. आधी आत्या फुकट होती.

दुसऱ्या दिवशी पुतण्याने नव्या टेबलाचे, कपाटाचे पुठ्ठ्याचे खोके आणून तळघरात भिंतीला रचले. आत्या अजून तिथेच राहत होती. जाताना तो म्हणाला, “आत्या, घाई नाही हं. आठवडाभरात केलंस तरी चालेल.”

मग पाऊस लागला. आकाश दिवसभर गळत राहिलं. दुपारी आत्याने खड्ड्याचं झाकण सरकवलं. जीन्सला घालायचा जाड दोरा दुपदरी केला आणि तो गोळा पंपाच्या बुडाशी, पाइपाला करकचून बांधला. मग ती स्टुलावर पाय वर घेऊन बसली आणि एका कोटाची बटणं लावत राहिली.

पाणी खड्ड्यातून वर आलं, फरशीवर पसरलं, खोक्यांच्या बुडात शिरलं. पुठ्ठा आधी काळपट झाला, मग फुगला. संध्याकाळच्या चहाच्या वेळी पुतण्या काहीतरी न्यायला खाली आला आणि बोंबललाच.

सगळे धावले. भावाने पायजमा गुडघ्यापर्यंत वर केला आणि पातेलं घेतलं. चार बादल्या जिन्यावरून नेल्या तेवढ्यात तो धापा टाकत पायरीवर बसला.

“ताई, तू हे… दर पावसाला?”

आत्याने कोटाचं पुढचं बटण हातात घेतलं. त्याला माहीत नव्हतं अशातला भाग नाही. त्याचे पाय भिजले नव्हते, एवढंच.

पंपवाल्याला फोन गेला. तो भर पावसात आला. पुतण्याने त्याला दारातच धरलं.

“कसला पंप बसवलाय हा? आठवडा झाला नाही आणि हे! माझं सगळं सामान गेलं. तुझं नाव सगळीकडे खराब करतो बघ. या गावात कुणी नळसुद्धा दुरुस्त करायला बोलावणार नाही तुला.”

“बघू तरी द्या साहेब,” पंपवाला म्हणाला.

तो गुडघ्यावर बसला, दंडापर्यंत हात पाण्यात घातला, आणि चाचपडता चाचपडता थांबला. दोरा हाताला लागला होता. त्याने मान वर केली. आत्या स्टुलावरच होती. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग परत पाण्याकडे.

“काय झालंय?” पुतण्याने विचारलं.

“गोळा… अडकलाय,” तो म्हणाला. “बसवताना माझीच काहीतरी चूक झाली असेल.”

“असेल नाही, झालीच आहे! हलगर्जीपणा नुसता. तुमच्यासारख्या लोकांना ना—”

“त्याला बोलू नकोस,” आत्या म्हणाली.

आवाज मोठा नव्हता. पण या घरात ती अशी कधी बोलली नव्हती, म्हणून पुतण्याचं वाक्य तिथेच तुटलं.

“त्याच्या पंपाला काही झालेलं नाही. गोळा मी बांधला. दोऱ्याने. दुपारी.”

भावजयीने तोंडावर हात ठेवला. “अहो वन्सं, पण का?”

“ही खोली ओली होती तोवर माझी होती. कोरडी होताच तुमची झाली. मला दुसरा उपाय सुचला नाही.”

“आत्या, अगं, तू मागितलं असतंस तर—”

“मागायचं? माझीच खोली? तुझ्याकडे?” आत्या स्टुलावरून उतरली. पाणी तिच्या घोट्यापर्यंत होतं. “तुला शी-शूचं कळत नव्हतं तेव्हा तुझी दुपटी मी याच मशीनवर शिवलीत. मी इथून हलणार नाही. जिन्याखालची कोठी तू घे ऑफिसला. कोरडी आहे. आणि आरामात बसता येतं म्हणे तिथे.”

पंपवाल्याला हसू आलं, ते त्याने खोकल्यात घातलं.

पुतण्या बापाकडे बघत राहिला. बाप पायरीवर बसून ओल्या पायांकडे बघत होता. शेवटी मान वर न करता म्हणाला, “राहू दे तिला.” त्यात माया होती की कंटाळा, ते कळायला मार्ग नव्हता. आत्याने तेवढ्यावर भागवलं. मायेची वाट बघत बसलेल्यांच्या खोल्या हातच्या जातात.

तिने कात्री घेतली, बाही वर केली आणि पाण्यात हात घालून दोरा स्वतःच कापला. गोळा झपकन वर आला. पंप घुमला.

फुगलेले खोके बापलेकांनी वर नेले. पंपवाला निघाला तेव्हा आत्या दारापर्यंत गेली.

“मावशी, मी काही सांगणार नव्हतो,” तो हळूच म्हणाला.

“म्हणून तर सांगितलं.”

त्यानंतर वरून जेवायला हाक येईनाशी झाली. भांडण नव्हतं, कुणी हाक मारली नाही, एवढंच. चार दिवस वाट बघून आत्याने एक छोटा गॅस आणला आणि स्वतःपुरतं शिजवायला लागली. मीठ कधी जास्त पडायचं, कधी कमी. एकट्याच्या स्वयंपाकाचा अंदाज तिला कधी करावाच लागला नव्हता. पाऊस आला की पंप आपसूक घुमायचा आणि थांबायचा. भाऊ एकदा खिडकीशी वाकून “ठीक ना ताई?” एवढं विचारून गेला. ती “ठीक” म्हणाली.

मग तिने सुताराला बोलावलं आणि दाराला आतून कडी बसवून घेतली. त्या दाराला आजवर कडीच नव्हती. ज्याला यायचं तो ढकलून येत असे.

महिन्याभराने सकाळी कुणीतरी दार ढकललं. ते उघडलं नाही. पुन्हा ढकललं. मग थोडा वेळ काहीच नाही, आणि मग बोटाच्या पेराने दोनदा टकटक.

“कोण?”

“मी आहे आत्या.” पुतण्याचा आवाज. “पँट होती एक. लांब होतेय.”

“थांब.”

तिच्या हातात एका गिऱ्हाइकाची शिवण अर्धी होती. तिने ती घाई न करता टोकापर्यंत नेली, मशीनचा दाब उचलला, दोरा तोडला, कापड झटकून घडी केली. बाहेर तो पायरीवर उभाच होता.

मग ती उठली आणि कडी काढली.