फाट्यावरची मोकळी जागा

फ्लेक्सच्या चौथ्या कोपऱ्याची दोरी ओढताना साहेबरावच्या तळहाताची साल निघाली, पण गाठ पक्की बसल्याशिवाय त्याने हात सोडला नाही. बांबूला बिलगूनच त्याने खाली पाहिले. जांभुळफाट्यावर एक ट्रक थांबला होता. परराज्यातला चालक खाली उतरला, त्याने चपला काढून चाकापाशी ठेवल्या, अनवाणी चालत फ्लेक्ससमोर आला आणि हात जोडून उभा राहिला. त्याला मराठी वाचता येत नसावे. तो नुसता चेहऱ्याकडे बघत होता.

साहेबराव खाली उतरायचेच विसरला.

चाकणच्या या पट्ट्यात फ्लेक्स छापण्यात त्याचे अर्धे आयुष्य गेले होते. वाढदिवस, निवडी, भावी नगरसेवक, भावी आमदार. त्याने छापलेल्या चेहऱ्यांना लोकांनी हार घातले होते, मिशा काढल्या होत्या, पावसाळ्यात तेच चेहरे उतरवून गोठ्यांवर आणि कांद्याच्या चाळींवर अंथरले होते. त्यांच्यापुढे चपला मात्र आजवर कोणी काढल्या नव्हत्या.

फ्लेक्सवर हवालदार गणराज टेमगिरे उभा होता. पांढरा सदरा, खाकी पॅंट, एक हात वर. एकटा चेहराच पुरुषभर उंचीचा. खाली फक्त नाव होते. एरवी कार्यसम्राट, जनसेवक, आधारवड असे शब्द साहेबरावच्या जिभेवर तयार असायचे. पण ते त्याने आजवर ज्याला त्याला वाटून टाकले होते. गणराजच्या वेळी बघतो तो हाताशी एकही धड शब्द नाही. शेवटी त्याने नुसते नाव लिहिले, आणि हे कमी तर पडत नाही ना, अशी धाकधूक मनाशी ठेवून तो शिडी घेऊन निघाला होता.

गणराज याच फाट्यावर वाहतुकीला उभा राहायचा. त्या सकाळी चाकणच्या बाजूने ब्रेक निकामी झालेला कंटेनर येत होता आणि औद्योगिक वसाहतीच्या आतल्या रस्त्याने रात्रपाळी संपलेल्या बायकांची बस हमरस्त्याला लागत होती. गणराज बसपुढे धावला, दोन्ही हात वर करून. बस थांबली. कंटेनर थांबला नाही.

गावच्या स्मशानात पोलिसांच्या तुकडीने बंदुका उलट्या धरून माना खाली घातल्या, हवेत फैरी झाडल्या, आणि तिरंग्याची घडी गणराजच्या बायकोच्या, वर्षाराणीच्या, हातात दिली. त्या बसमधल्या बायका कंपनीच्या गणवेशातच आल्या होत्या. कोणाशी ओळख ना पाळख, शेवटपर्यंत मागे उभ्या होत्या.

"जिथं पडला तिथंच लावायचा," तरुण मंडळाचा माऊली म्हणाला होता, आणि सगळ्या गावाने मान डोलावली होती. फाट्याचे बाकीचे सगळे कोपरे कोणाच्या ना कोणाच्या फ्लेक्सने भरलेले. आतला रस्ता हमरस्त्याला मिळतो तो एकच कोपरा मोकळा होता.

"जणू त्याच्यासाठीच राखल्यागत," कोणीतरी म्हणाले. साहेबरावचे डोळे भरून आले होते.

पुढचे दिवस तो रोज सकाळी वाळलेले हार काढायला फाट्यावर यायचा आणि कामधंदा सोडून तिथेच रेंगाळायचा. बसचे चालक तिथे आले की हॉर्नवरचा हात काढून घ्यायचे. बसमधल्या बायका पाळी सुटली की उतरून बांबूच्या बुडाशी हळदकुंकू वाहायच्या. कोणी नारळ फोडून गेले होते. एक मोठे साहेब गाडीतून उतरले, टोपी सारखी करून त्यांनी कडक सलाम ठोकला आणि एक शब्द न बोलता निघून गेले. शाई आपली, कापड आपले, पण आपण छापले ते हे नव्हे, असे साहेबरावला वाटायचे. त्यात आता दुसरेच कोणी येऊन उभे राहिले होते. दुकानात बसलेला असतानाही ते आठवले की त्याच्या अंगावर काटा यायचा.

ठकुबाई, गणराजची आई, रोज यायची. तिचे घर रस्त्याच्या पलीकडे. गणराजच्या जागी नेमलेली पूनम नावाची शिपाई गाड्या थांबवून तिला हाताला धरून अलीकडे आणायची. म्हातारीच्या एका डोळ्यात अंधार होता आणि दुसऱ्यात धुके. पोते टाकून ती फ्लेक्ससमोर बसायची.

"घरात फोटू लावलाय रं त्याचा," पहिल्याच दिवशी ती साहेबरावला म्हणाली. "पर मला नुसती काच दिसती. तिरडीवर बी हातानं चाचपूनच बघितला. हितं दिसतो. डोळं अगदी त्याचंच काढलंस, साहेबा."

साहेबराव तिच्या शेजारी मातीत बसला. म्हातारी लेकाकडे बघत होती, आणि तो म्हातारीकडे.

एकदा त्याने पूनमसाठी चहा आणला.

"मॅडम, चहा गार व्हतोय."

"ठेवा तिथं, दादा. आलेच."

ती आली नाही. रस्त्याची पांढरी रेघ ओलांडून ती पार आत उभी होती. तेवढ्यात एक कंटेनर तिच्या इतका जवळून गेला, की तिचा सदरा वाऱ्याने फडफडला. साहेबरावच्या हातातला चहा हिंदकळला.

"अहो, कडंला या की! मरायचंय का?"

"कडंनं दिसंना की, दादा," ती आतल्या रस्त्याकडे मान वळवत म्हणाली. बीडकडची होती, तिच्या बोलण्यात तिकडचा हेल होता. "बस येती का काय, काहीच कळंना."

"कशानं दिसंना?"

पूनमने फ्लेक्सकडे पाहिले आणि पटकन नजर काढून घेतली.

साहेबराव कडेला, गणराज उभा राहायचा त्या दगडापाशी गेला. तिथून त्याने आतल्या रस्त्याकडे बघितले. रस्ता नव्हता. गणराजचा पांढरा सदरा होता, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"मग सांगायचं न्हाई का कुणाला?"

"काय सांगू, दादा? सरांचं हाय ते. मीच थोडं पुढं उभी राहती. होतंय."

तेव्हा त्याला ती जागा मोकळी का होती ते आठवले. गणराजनेच ती मोकळी ठेवली होती. तिथे लावलेला प्रत्येक फ्लेक्स तो उतरवायचा, गुंडाळून मोटारसायकलला बांधायचा आणि दुकानात आणून टाकायचा. "साहेब्या, घे तुझा भावी आमदार. रस्ता अडवून बसला व्हता लेकाचा." मग दोघे हसायचे. शेवटी शेवटी साहेबरावने तिथे लावायचेच सोडून दिले होते. आणि आता लावला तो गणराजलाच.

तो घरी गेला, जेवला नाही. दुपारी माऊलीला गाठले.

"डोकं ठिकाणावर हाय का, राव?" माऊली उसळला. "तूच लावला, आता तूच काढतो? दहावा झाला न्हाई अजून. आमदार येणारेत, मोठं साहेब येणारेत. काय सांगू त्यांना, गावानं हुतात्मा गुंडाळून ठिवला म्हणून?"

"ती पोरगी रस्त्यात उभी ऱ्हातीया, भावा."

"पोलीसच हाय ती. रस्त्यातच उभं ऱ्हायचं असतं." बोलून गेल्यावर माऊलीच जरा वरमला. "दहाव्यापर्यंत थांब. आन् म्हातारीला काय सांगशील? तिला तेवढं एकच दिसतंय."

माऊलीचेच बरोबर असेल, असे साहेबरावला वाटून गेले. इतक्या लोकांच्या श्रद्धेपुढे आपली काय अक्कल! शिवाय एक गोष्ट त्याने माऊलीला सांगितली नव्हती. जन्मभर नको नको ते चेहरे टांगल्यावर एकदाच त्याच्या हातून काहीतरी खरे झाले होते. ते उतरवायला त्याचाच हात धजत नव्हता.

तरी दुसऱ्या दिवशी सकाळी तो शिडी घेऊन फाट्यावर गेला. चपला खाली काढल्या आणि चढला. वरच्या काठाशी पोचल्यावर त्याला दोन्हीकडचे दिसले. मागे आतल्या रस्त्याने कंपनीची बस येत होती, खिडक्यांत डोकी टेकून बायका झोपलेल्या. पुढे हमरस्त्यावर पूनम, मान मागे वळवून त्या बसची चाहूल घेत असलेली, आणि तिच्या पाठीकडून येणारे ट्रक.

"ए साहेब्या! उतर खाली!"

माऊली मंडळाच्या पोरांसह धावत आला. येताना सवयीने सगळ्यांच्या चपला सुटल्या. गर्दी जमू लागली. बसमधल्या दोघीतिघी उतरल्या. "दादा, देवाला हात लावताय?" त्यातली एक रडवेली होऊन म्हणाली.

साहेबरावचा हात गाठीवरच थांबला.

"काय चाललंय?" ठकुबाईचा आवाज आला. पूनमने तिला नुकतीच रस्ता ओलांडून आणली होती. "वर कोण चढलंय?"

"मी हाय, काकी. साहेबा."

"काय करतुयास?"

माऊली खालून त्याच्याकडे बघत होता. सांग आता, असे त्याच्या डोळ्यांत होते.

"काकी, कसं सांगू..." साहेबरावने गाठीवरचा हात काढला. "ह्याच्या आडून आतला रस्ता दिसत न्हाई. ही पोरगी म्हणून भर रस्त्यात उभी ऱ्हाती. गणा असता तर ह्यो फ्लेक्स त्यानं पयल्याच दिवशी उतरवला असता. माझ्या ध्यानात आलं न्हाई. तू म्हणशील तसं करतो. ऱ्हाऊ दे म्हणलीस तर ऱ्हाऊ दे."

म्हातारीने चाचपत पूनमचा हात धरला.

"कुणाची गं तू?"

"केजची हाय, आजी."

"लेकरंबाळं?"

"मुलगी हाय एक. आईपाशी ठेवलीय."

"आन् तू माझ्याशी बोलली न्हाईस. रोज हाताला धरून आणती, आन् बोलली न्हाईस."

पूनम खाली मान घालून उभी राहिली.

ठकुबाई तिचा हात सोडून पुढे गेली. फ्लेक्सपाशी पोचल्यावर तिने हात जमेल तितका वर केला. तो गणराजच्या पट्ट्याच्याही वर गेला नाही. तिथेच तळवा टेकवून ती मान मागे टाकून त्या चेहऱ्याकडे बघत राहिली. वर शिडीवरून साहेबरावला तिचा चेहरा दिसत होता, आणि तो त्याने बघायला नको होता असे त्याला वाटले.

"काढ," ती म्हणाली.

"काकी, दहाव्याला आमदार..." माऊलीने तोंड उघडले.

"आमदाराला म्हणावं घरी ये. चहा करीन." तिने फ्लेक्सवरचा हात काढला. "साहेबा, सावकाश घे. डोळ्यांवर घडी घालू नगं."

गाठ सुटेना म्हणून साहेबरावने दोरी कापली. वरचा काठ सैल झाला, तसा माऊली आपणहून पुढे आला आणि त्याने खालून कापड झेलले. मग पोरे आली, बसमधल्या बायकाही आल्या. जमिनीला टेकू न देता सगळ्यांनी मिळून घड्या घातल्या, आणि चेहरा मधोमध सपाट ठेवला. बांबूंच्या चौकटीतून आतला रस्ता मोकळा दिसू लागला, पार कंपनीच्या फाटकापर्यंत. पूनम दोन पावले मागे सरली, मग आणखी दोन, आणि कडेच्या दगडापाशी येऊन उभी राहिली. तिथून तिने एकदा इकडे आणि एकदा तिकडे बघितले.

"कुठं न्यायचा?" माऊलीने हळू विचारले.

"घरी," ठकुबाई म्हणाली. "गोठ्याच्या भिताडाला लावा. समदा मावायचा न्हाई. तोंड तेवढं दिसलं म्हंजी बास."

त्यांनी ती घडी खांद्यांवर घेतली. पुढे साहेबराव आणि माऊली, मागे पोरे. चपला घालायचे कोणाच्या लक्षात राहिले नाही. पूनमने कडेवरूनच शिट्टी फुंकली आणि हात वर केला. चाकणकडचे ट्रक थांबले, नाशिककडचे थांबले. खांद्यावर काय आहे हे चालकांना ठाऊक नव्हते. पण अनवाणी माणसे आणि पुढे चालणारी म्हातारी पाहून एकाने इंजिन बंद केले. मागच्याने केले. त्याच्या मागच्याने. नजर पोचेल तिथपर्यंत गाड्यांची रांग मुकी होत गेली, आणि डोक्यावरच्या विजेच्या तारांची गुणगुण ऐकू येऊ लागली. इतकी वर्षे या फाट्यावर राहून साहेबरावने ती कधी ऐकली नव्हती.

रस्त्याच्या मधोमध ठकुबाई थांबली. खांदेकरीही थांबले.

"थांबल्यात व्हय रं समदी?"

"थांबल्यात, काकी."

"दोन्ही अंगानं?"

"दोन्ही अंगानं."

तिने चेहरा वर करून एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे वळवला. धुक्यातून धड काही दिसत नसताना ती पुष्कळ वेळ तशी उभी होती. मग तिने साहेबरावची बाही ओढली.

"आरं मग उभा काय ऱ्हायलास? चल बिगीबिगी. लोकं कामावर निघाल्यात."