फॉर्मवरची दोन मुलं

मूल होत नाही म्हणून सहा वर्षांत माझ्या पोटात डोकावायचं कुणी बाकी ठेवलं नव्हतं. रक्त तपासलं, सोनोग्राफ्या केल्या, गर्भनळ्यांत औषध सोडून फोटो काढले. त्या दिवशी अशी कळ आली की नर्सचा हात चावायचीच बाकी होते. नवऱ्याची तपासणी? छे! सासूबाई म्हणायच्या, "माझ्या पोराला काय धाड भरलीय? दिवसभर बेकरीच्या भट्टीपुढे उभा असतो!"

शेवटी मी डॉक्टर बदलले. नव्या डॉक्टरीणबाईंनी दुर्बिणीच्या ऑपरेशनसाठी सोमवार दिला, पण बजावलंही, "आधी त्यांचा रिपोर्ट आणा." नवऱ्याने महिनाभर आज-उद्या केलं, मग एकदाचा लॅबमध्ये जाऊन आला. रिपोर्ट चांगला होता. "बघितलंस?" सासूबाई म्हणाल्या. मी मान खाली घातली. दोष माझ्यातच आहे, हे मीही मनातून कबूल करून टाकलं. त्याची चीड मला अजून येते.

शुक्रवारी आम्ही दोघं रिपोर्ट घेऊन गेलो. डॉक्टरीणबाईंनी तो वाचला, मागे जोडलेला लॅबचा फॉर्म उलटला आणि नवऱ्याला विचारलं, "तुम्हाला आधीची दोन मुलं आहेत?"

मी फॉर्म ओढून घेतला. नाव नवऱ्याचं, वय नवऱ्याचं, मुलांच्या रकान्यात 'दोन'. अक्षर मात्र धाकट्या दिराचं! आमच्या घरात दोन मुलं आहेत ती त्याचीच.

मी तिथूनच दिराला फोन लावला. "भाऊजी, लॅबमध्ये तुम्ही गेला होतात?"

"दादाच म्हणाला, वहिनी. त्याला भीती वाटत होती."

"मग दोन मुलं कशाला लिहिलीत?"

"बाकी सगळं दादाचंच लिहिलं हो. पण पोरं नाहीत असं कसं लिहू? अभद्र वाटलं. हातच धजेना."

मी फोन ठेवला. आपल्या पोरांबद्दल कागदावर एक खोटा शब्द लिहायला याचा हात धजत नाही, आणि माझं धडधाकट पोट सोमवारी कापलं जाणार, त्याचं दोघा भावांना काही नाही!

"अहो, तुम्ही मला ऑपरेशनच्या टेबलावर झोपू देणार होतात?" मी विचारलं.

"लोक काय म्हणतील, असं वाटलं," तो पुटपुटला.

"मला सहा वर्षं म्हणतायत ना! मेले का मी?"

डॉक्टरीणबाईंनी त्याला पडद्यामागे नेलं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले. दोन मिनिटं. चाकू नाही, सुई नाही, नुसत्या हाताने तपासलं. बाहेर येऊन त्या म्हणाल्या, "अंडकोषाजवळच्या शिरा फुगल्यात, हाताला लागतात. त्यात रोजची भट्टीची धग. शुक्राणू कमी असू शकतात. तुमचं स्वतःचं सॅम्पल दोनदा तपासू, हार्मोन्स बघू. बऱ्याचदा यावर उपचार होतो. हे सहा वर्षांपूर्वीच बघायला हवं होतं."

दोन मिनिटं! ती याला सहा वर्षांत मिळाली नाहीत.

त्यांनी कोरा फॉर्म पुढे केला. नवऱ्याने नाव लिहिलं, वय लिहिलं, काम लिहिलं. मुलांच्या रकान्यापाशी पेन थांबलं.

"आईला काय सांगू?" त्याने हळूच विचारलं.

"आधी ते भरा."

त्याने 'नाहीत' लिहिलं. मी उठले, बाहेर काउंटरवर गेले आणि सोमवारचं ऑपरेशन रद्द करायला सांगितलं. तिथल्या बाईने कारण विचारलं. बाकांवर कितीतरी जोडपी बसली होती, प्रत्येक बाईच्या मांडीवर जाडजूड फाईल, पुरुषांचे हात रिकामे.

"पेशंट चुकला होता," मी म्हणाले, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.