टाळ कुठं गेले?

मी मशीन बोलतोय. शिकलेले लोक मला अ‍ॅम्प्लिफायर म्हणतात, पण मुखेडच्या या घरात तो शब्द कुणाच्या जिभेवर बसला नाही. मशीन म्हणाले, मशीन झालो. मला गोड बोलता येत नाही, हे आधीच सांगतो. जन्मभर दुसऱ्याचा आवाज मोठा करून दिला, स्वतःचा कधी काढला नाही. आज काढतोय, तर खरखर होणारच. ऐकायचं तर ऐका.

माझा जन्म उदगीरचा. स्टेशनच्या रस्त्याला सिद्रामप्पाचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. मी कंपनीचा माल नाही. सिद्रामप्पानं माझ्या ट्रान्सफॉर्मरची तार हातानं गुंडाळली, पत्रा ठोकून डबा केला आणि पुढं दोन जाडजूड बटणं बसवली. पहिल्यांदा अंगात करंट आला तेव्हा मी असा गुरगुरलो की दुकानातलं मांजर पळालं. सिद्रामप्पा हसला आणि कानडीत म्हणाला, "बदुकिदा!" म्हणजे जगला.

मला न्यायला ग्यानोबा आला. एसटीच्या वर्कशॉपात मिस्त्री. बोटं कायम ऑइलानं काळी, तोंड त्याहून तिखट.

"सिद्रामप्पा, बाकी कायबी कर. भजन लावलं की टाळ कानाशी वाजला पाह्यजे."

"वाजतो की ओ मिस्त्री. नाही वाजला तर हा डबा माझ्या डोक्यात घाला."

ग्यानोबानं सुताराकडून स्पीकरचे दोन लाकडी खोके करून घेतले. ते बसच्या टपावर चढले आणि मी मुखेडपर्यंत त्याच्या मांडीवर आलो. त्या खोक्यांना माझ्यापेक्षा कमी मान होता, हे मी तेव्हाच मनात लिहून ठेवलं.

ग्यानोबाची बायको सिंधुबाई. तिनं आम्हाला बघितलं आणि पहिलं काय केलं असेल, तर शिवणाची पट्टी घेऊन मापं घेतली. माणसाची ही खोड मला कधी कळली नाही. जे वापरायला आणतात, तेच झाकून ठेवतात. तिनं मॅटीच्या कापडावर लोकरीचे हिरवे पोपट भरले, आतून जुन्या धोतराचं दुहेरी अस्तर लावलं, खाली नाड्या लावल्या, आणि दोन्ही स्पीकरना लेकराला घालावीत तशी झबली घातली. तोंडासकट.

तिसरं झबलं माझं होतं. पण त्याच आठवड्यात सिद्रामप्पा घरी आला आणि हात जोडून म्हणाला, "अक्का, ह्याला नको. हा तापतो. झाकला तर मरतो."

झबलं ट्रंकेत गेलं. मी उघडाच राहिलो. मला काही वाटलं नाही, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलोय.

आता नीट ऐका. टाळाचा बारीक आवाज कापडातून येत नाही. मृदंग येतो, बुवाचा गळा येतो, टाळ अस्तरातच मरतो. म्हणजे या घरात वर्षाचे तीनशे चौसष्ट दिवस टाळ वाजतच नव्हता. मग ग्यानोबा खूश कसा? तर एका दिवसामुळं.

आमच्याकडं घटस्थापनेच्या आधी दसरा काढतात. घरातलं कापड म्हणून जे असेल ते सगळं धुवायचं. वाकळा, गोधड्या, पडदे, पायपुसणीसुद्धा. सिंधुबाई झबल्यांच्या नाड्या सोडायची आणि तीही धुवायला टाकायची. ग्यानोबा त्या दिवशी रजा काढायचा, पाणी ओढायचा आणि भजन मोठ्यानं लावायचा. स्पीकर उघडे. टाळ असा वाजायचा की वाळत घातलेल्या गोधड्या थरथरायच्या. सिंधुबाई हातातला पिळा तसाच धरून उभी राहायची. "आज लई गोड लागून राहिलं हो," म्हणायची. संध्याकाळी कापडं वाळली की झबली पुन्हा अंगावर. त्या दोघांना वाटायचं, सणाची हवा आहे म्हणून गोड लागतं. ग्यानोबाच्या कानात मात्र तोच आवाज बसला. माझं मशीन असं वाजतं, हे त्यानं धरून ठेवलं.

तीन वर्षांपूर्वी सिंधुबाई गेली.

पहिल्या वर्षी घरात सण नव्हता. दुसऱ्या वर्षी लेक तनुजा, नांदेडला शाळेत शिकवते, फोनवर म्हणाली, "अण्णा, मी येते दसरा काढायला."

"मला न्हाई काढायचा दसरा. तू तुझं घर बघ."

झबल्यांवर धूळ बसत गेली. पोपट राखेच्या रंगाचे झाले. ग्यानोबा रिटायर झालेला, घरात एकटा. दुपारी खुर्ची ओढून बसायचा, भजन लावायचा, मान वाकडी करून कान पुढं करायचा आणि विचारायचा, "टाळ कुठं गेले?"

घरात दुसरं कुणी नव्हतं. म्हणजे मलाच विचारायचा. मला माहीत होतं. सांगता येत नव्हतं.

मग त्यानं वर्कशॉपची रीत धरली. बिघाड सापडत नसला की एक पार्ट बदलायचा आणि गाडी फिरवून बघायची. आधी कॅसेटचा प्लेअर काढला, पेनड्राइव्हचा आणला. टाळ नाही. मग वायरी काढल्या, अंगठ्याएवढ्या जाड आणल्या. टाळ नाही. शेवटी सिद्रामप्पाला फोन लावला.

"मिस्त्री, सगळ्यात जास्त फरक स्पीकरचा असतो बगा. पैला ते उघडा. मग गाणं जिथून येतंय ते. मशीन लास्टला."

"स्पीकरला हात लावायचा न्हाई."

"का ओ?"

"न्हाई म्हणलं की न्हाई." फोन बंद.

स्पीकर उघडायचा तर झबलं काढावं लागणार, आणि झबल्याच्या नाडीला शेवटची निरगाठ सिंधुबाईनं मारलेली होती. ती गाठ तशीच ठेवायची म्हणून बाकीचं सगळं बदलायचं, असा हा माणूस. आता बाकीचं म्हणजे कोण उरलं? मी.

नांदेडहून नवीन मशीन आलं. काळं, चपटं, निळे दिवे, सोबत रिमोट. ग्यानोबानं माझ्या वायरी सोडल्या. "चल, तुझी ड्युटी संपली," एवढं म्हणाला आणि मला स्वयंपाकघरावरच्या माळ्यावर टाकलं.

माळ्यावर एक गळकं घंगाळ, पात्याविना पंखा आणि तनुजाच्या पाळण्याच्या दांड्या. बोलायला कुणी नाही. मी खालचं ऐकायचो. माझं बटण फिरवायला ग्यानोबाला उठावं लागायचं, चार पावलं चालावं लागायचं, माझ्या डोक्यावर हात टेकावा लागायचा. आता तो रिमोट दाबायचा. तासन् तास खुर्चीची कुरकूर ऐकू यायची नाही. आणि मग तेच, "टाळ कुठं गेले?" खरं सांगतो, पहिल्यांदा मला बरं वाटलं. घे, आण नवीन! नंतर नंतर वाईट वाटायला लागलं. विचारायचं तर मला विचार, त्या निळ्या दिव्याला काय ठाऊक?

यंदा तनुजा न विचारता आली. पदर खोचला आणि ग्यानोबा पिठाच्या गिरणीत गेलेला बघून घर उपसायला काढलं. दसरा काढायचा म्हणजे माळासुद्धा रिकामा होतो. मी अंगणात आलो, उन्हात. समोर तारेवर गोधड्या, आणि गोधड्यांच्या शेजारी, पाणी गळत असलेली, हिरव्या पोपटांची दोन झबली.

ग्यानोबा आला. पिठाचा डबा ठेवला, सवयीनं रिमोट दाबला.

टाळ वाजला.

कानाशी. सिद्रामप्पानं कबूल केला होता तसा.

"तनू!" आतून ओरडला. "ऐकलंस का? आलं बघ रंगात! म्हणलं नव्हतं, जुनं मशीनच बाद व्हतं!"

मी उन्हात होतो, पण माझं लोखंड गार पडलं. एवढ्यात भजन थांबलं. त्याची नजर स्पीकरवर गेली असावी. तो दारात आला.

"झबली कुणी काढली?"

"मी. धुवायला."

"कुणाला इचारून? ती गाठ सोडलीस तू? तुझ्या आईच्या हातची व्हती ती!"

तनुजानं पिळा बादलीत टाकला. "आई दरवर्षी सोडायची, अण्णा. सोडायची आणि परत बांधायची. तिनं काय कायमची बांधली होती का?"

ग्यानोबा अंगणात उतरला. तारेखाली उभा राहिला. ओलं झबलं हातात घेतलं, अस्तर उलटं केलं, डोळ्याला लावून त्यातून सूर्याकडं बघितलं. काही दिसलं नसणार. धोतर दुहेरी होतं.

"जलमभर पोरांना शिव्या दिल्या," तो हळू म्हणाला. "इंजिन खोलायच्या आधी एअर फिल्टर झटका म्हणून. आन् मी…"

मग माझ्याकडं वळला. बनियनच्या टोकानं माझी धूळ पुसली, उचलून आत नेलं, वायरी जोडल्या. पार्ट बदलला तर गाडी फिरवून बघायची, ही रीत. मी गुरगुरलो, मग गायलो. टाळ तसाच वाजला, कणभर कमी नाही.

"ह्याचं कायच बिघडलं नव्हतं गं."

"तुम्हीच काढलंत त्याला."

"हाव. मीच."

संध्याकाळी ट्रंकेच्या तळाशी तनुजाला तिसरं झबलं सापडलं. न वापरलेलं, पोपट कोवळे हिरवे. ग्यानोबा ते कितीतरी वेळ मांडीवर घेऊन बसला.

"स्पीकरना परत घालायची?" तनुजानं विचारलं. "टाळ जातील हं."

"घालतो मी."

त्यानं घातली. नाड्या स्वतः बांधल्या. सिंधुबाईची निरगाठ असायची, यानं सुरगाठ मारली. एक टोक ओढलं की सुटावी अशी.

तनुजा दसरा करून गेली. नवीन मशीन तिच्या शाळेला दिलं. घर पुन्हा गप्प आहे. सुरगाठ त्यानं अजून एकदाही ओढलेली नाही. रोज तिच्यापर्यंत हात नेतो आणि परत आणतो. टाळ अजून अस्तरातच आहेत. पण आता तो कुठं गेले म्हणून विचारत नाही.

तिसरं झबलं माझ्या अंगावर आहे. मी वाजायला लागलो की तो ते वर सरकवतो, लेकराचं पोट उघडं टाकल्यासारखं. मग दर दोन भजनांनी खुर्चीतून उठतो, कुरकुरत, गुडघ्याला शिव्या देत, आणि माझ्या पत्र्यावर तळहात ठेवून बघतो. तापलो का.

घरातलं काही वाजेनासं झालं, गप्प झालं, तर बदलून टाकायच्या आधी तेवढं करत जा. मी म्हातारा झालोय, लवकर तापतो. त्याला ते माहीत आहे. म्हणून हात जरा जास्त वेळ ठेवतो.