डावा गुडघा

आक्काला दोन माणसांचा भारी राग. एक, विसराळू पैलवान. दुसरा, खेळ चालू असताना जांभया देणारा प्रेक्षक. रिंगच्या दोरांना अगदी लागून, पहिल्या रांगेत, तिची खुर्ची ठरलेली होती. नवरा गेल्यापासून कुस्तीचे खेळ करणाऱ्या मंडळींचा सगळा कारभार तिच्याच मुठीत. कोणी जिंकायचं, कोणी कुठे आपटायचं, कोणाचं काय दुखायचं, हे सकाळी तिच्या स्वयंपाकघरात भाजी चिरता चिरता ठरे. शाळेचं तोंड तिने जेमतेम पाहिलेलं, पण लढतीतली चूक आपल्या नजरेतून सुटत नाही, असा तिचा तोरा होता.

त्यांच्या धंद्यात याला म्हणत दुखणं विकणं. मार लटका असला तरी कळ बघणाऱ्याच्या पोटात उठली पाहिजे.

"गुडघ्यावर मार खाल्लास ना? मग शेवटपर्यंत गुडघाच दुखला पाहिजे," त्या सकाळीही तिने मुलाला फैलावर घेतलं होतं. "गेल्या खेळात लंगडत लंगडत जिंकलास आणि मग टुणकन उडी मारलीस. लोकांनी डोळे घरी ठेवलेले असतात का रे? तुझा बाप घरी पोहोचेपर्यंत लंगडायचा."

"घरी आल्यावरही लंगडायचे," मुलगा म्हणाला. "पाणी भरायला लागू नये म्हणून."

यावर रेडा फिसकन हसला आणि आक्काच्या डोळ्यांना डोळा भिडताच गप्प झाला. रेडा हे त्याचं रिंगमधलं नाव. अंगाने आडदांड, लोक त्याच्या नावाने बोटं मोडत, आणि प्रत्यक्षात पोरगा असा मऊ की आक्काच्या घरी रोज जेवून स्वतःचं ताट धुऊन ठेवायचा. हे बाहेर कोणाला कळता कामा नये, ही नवऱ्याच्या काळापासूनची शिस्त. लोकांसमोर तो आणि मुलगा कट्टर वैरी. हॉलमध्ये येताना दारंसुद्धा वेगळी.

आजची गोष्ट अशी ठरली होती: रेडा डाव्या गुडघ्यावर घाव घालत राहणार, मुलगा फरफटत लढणार आणि त्याच मोडक्या पायावर उभा राहून जिंकणार.

खेळ रंगला. रेड्याने पाय पिरगळला, दोराला अडकवला, मुलगा असा कळवळला की मागच्या रांगेतल्या एका बाईने तोंडाला पदर लावला. आक्का मनातल्या मनात खूश होती. तोंडाने म्हणाली, "ठीक आहे. बापाच्या नखाची सर नाही." शेजारी बसलेली सून नवऱ्यावरची नजर हलवत नव्हती.

मग रेड्याने त्याला उचलून मागे फेकलं. पाठीवर पडायचं ते मुलगा खांद्यावर आणि मानेवर पडला. थोडा वेळ तो हललाच नाही. मग बसता झाला आणि डाव्या हाताने मान धरून राहिला.

आक्काचं डोकंच फिरलं. मान? मानेचं कोणी सांगितलं होतं? एवढा रंगवलेला गुडघा गेला कुठे? ती उठून ओरडली, "अरे, गुडघा! गुडघा विसरलास की काय!"

लोकांना ती एक खुळी म्हातारी वाटे. रिंगमधल्या माणसाला मात्र तो हुकूम असे. मुलाने मानेवरचा हात काढला. दोर धरून उभा राहिला. आणि लंगडायला लागला.

"आत्ता कसं!" आक्का खाली बसली.

"आई," सून हळूच म्हणाली, "ते उजवा हात का वापरत नाहीत?"

"तू मला शिकवू नकोस. लग्न होऊन आलीस तेव्हा तुला बेल कशाला वाजते तेही ठाऊक नव्हतं."

"पण बघा तरी एकदा."

आक्काने नाक मुरडत पाहिलं. उजवा हात खांद्यापासून लोंबत होता, वाळत टाकलेल्या सदऱ्याच्या बाहीसारखा. तेवढ्यात रेड्याने झडप घालून तोच हात धरला. लोकांना वाटलं पिरगळतोय. आक्काला ठाऊक होतं, तो दाबतोय. ठीक आहेस ना, असं विचारायची ती त्यांची खूण. समोरच्याने उलट दाबायचं. रेड्याने दाबलं. पुन्हा दाबलं. मुलाची बोटं उघडीच राहिली. आणि रेड्याने, ज्याने आजवर रिंगमध्ये गुरगुरण्यापलीकडे तोंड उघडलं नव्हतं, त्याने आ वासून आक्काकडे पाहिलं.

आक्का खुर्चीतून उठली. याला आपण उभा केला. मान मोडलेल्या पोराला आपण लंगडायला लावलं.

ती दोरांखालून आत कशी शिरली, तिचं तिला कळलं नाही. "थांबवा! खरं लागलंय त्याला! डॉक्टर बोलवा!"

हॉल टाळ्यांनी दणाणला. म्हातारीसुद्धा खेळात आहे म्हणून लोकांना कोण आनंद! आणि डॉक्टर हा शब्द कानावर पडताच मंडळींचा न्हावी, जो दर खेळात पांढरा कोट घालून डॉक्टर व्हायचा, स्ट्रेचर घेऊन ठरल्याप्रमाणे धडपडत, पडत, लोकांना हसवत आला.

"तू नव्हे रे मेल्या! खरा डॉक्टर!"

लोक पोट धरधरून हसायला लागले.

आक्का वळली. जे नवऱ्याने मरेपर्यंत ओठांबाहेर काढलं नव्हतं, ते ती छातीवर हात मारून ओरडली, "अहो, खोटं असतं हे! सगळं मीच ठरवते! हा रेडा याचा वैरी नाही, रोज माझ्या घरी जेवतो! आता हे तेवढं खोटं नाही हो!"

हसू एका कोपऱ्यातून विझत गेलं. लोक रेड्याकडे बघायला लागले. तो मुलाला आडवं निजवून, गुडघ्यांवर बसून मित्राचं डोकं दोन्ही हातांत स्थिर धरून हमसाहमशी रडत होता. तिसऱ्या रांगेतून एक बाई उठली. "मी डॉक्टर आहे. मान हलवू नका. तशीच धरून ठेवा."

तिने पाय तपासले. पाय हलत होते. हाताचं काही सांगता येत नाही, म्हणाली.

रुग्णवाहिका येईपर्यंत आक्का मुलाचा उजवा हात धरून बसली होती.

"आई," तो छताकडे बघत म्हणाला, "गुडघा नीट विकला ना?"

"खरं लागलं होतं तर थांबायचं, गाढवा! उभा कशाला राहिलास?"

"तूच ओरडलीस ना."

त्याच्या आवाजात राग नव्हता.   तिने हात दाबला. वाट पाहिली. पुन्हा दाबला. काहीतरी हललंसं वाटलं, पण त्याचं बोट की आपलंच, हे तिला कळेना.

"ए, इकडे ये," तिने सुनेला बोलावलं आणि तिला जवळ ओढून बसवलं. "तू बघ बाई. माझ्या डोळ्यांचा भरवसा नाही उरला मला."

तिने पुन्हा दाबलं. सून वाकून, श्वास रोखून बघत राहिली.

"हललं, आई," ती म्हणाली. "करंगळी हलली."