दिराची कबर

फौजी नावाचा नुहाचा नवरा सकाळी वारला. बैरूतमधल्या त्या पॅलेस्टिनी छावणीच्या कब्रस्तानात नवी कबर खणायला हातभरही जागा नव्हती, म्हणून मुलगा जलाल विचारायला घरी आला.

"आई, काकांचीच कबर उघडून बाबांना ठेवावं लागेल."

नुहा चपापली. दिराने हयातीत शेजारच्या आपल्या घरावर खोली चढवून यांच्या एकुलत्या एक खिडकीचं ऊन अडवलं होतं. तेव्हापासून दोघा भावांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं.

"त्याच्यात? अरे, तिथेही भांडतील रे ते!"

जमलेल्या बायकांना हसू फुटलं. नुहाही हसली आणि हसता हसताच तिला हुंदका आला.

"उघडा," ती म्हणाली. जलाल वळला, तसा तिने त्याचा हात धरला. "आणि मला कुठे ठेवशील?"

 जलाल आईच्या गळ्यात पडून रडू लागला.