मामानं शिकवलेलं थायरॉइड

मामाचं डॉक्टर होणं थोडक्यात हुकलं होतं, असं मामाच सांगायचा. त्यालाही आता बरीच वर्षं झाली. बसायचा औषधाच्या दुकानात, पण ऐट मोठ्या सर्जनची. भाचीची मेडिकलची प्रवेशपरीक्षा जवळ आली, तसा तो रोज संध्याकाळी शिकवायला येऊ लागला. शिकवणार काय कपाळ! पुस्तकातलंच मोठ्यानं वाचायचा आणि मध्येच "कळलं का?" म्हणत टेबलावर थाप मारायचा. याच्यापेक्षा पोपट बरा, भाची मनात म्हणायची, निदान तो थापा तरी मारत नाही.

त्या दिवशी अंतःस्रावी ग्रंथी चालल्या होत्या.

"थायरॉइडचं हार्मोन कमी पडलं की वजन वाढतं, आवाज घोगरा होतो, थंडी सोसत नाही, सारखी झोप येते. घोकून टाक."

तेवढ्यात आई चहा घेऊन आली. भर उन्हाळ्यात अंगात स्वेटर, चेहरा सुजलेला. कप ठेवून ती खुर्चीत टेकली आणि तिथेच पेंगू लागली.

"ताई, केवढी सुटलीयेस! जरा हातपाय हलव," मामा म्हणाला. "नुसतं लोळून होतं हे."

"लोळते कुठे रे," आई घोगऱ्या आवाजात पुटपुटली.

भाचीनं पुस्तकाकडे पाहिलं, मग आईकडे. गेले कित्येक महिने तीही आईला आळशी म्हणत होती, आणि सराव परीक्षेत हीच लक्षणं फटाफट ओळखत होती. मामाइतकीच तिला स्वतःचीही किळस आली.

"मामा, आईचं थायरॉइड तपासायला हवं."

मामा खो खो हसला. "दोन धडे वाचले की लागले यांना घरभर रोगी दिसायला! आधी पास हो."

दुसऱ्या दिवशी सकाळी भाचीनं आईचा हात धरून तिला लॅबमध्ये नेलं. रिपोर्ट बघून डॉक्टरांनी गोळी सुरू केली.

काही आठवड्यांत आईची सूज ओसरली. मामा सोफ्यावर रेलून शेजारणीला सांगत होता, "मला बघताक्षणीच संशय आला होता. त्याला नजर असावी लागते."

भाची तोंड उघडणार, तोच आई आतून आली.

"हो ना, म्हणूनच लोळते म्हणालास," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "तुझी नजर दुकानात ठेव. पोरीचा अभ्यास पोरगी बघेल."

शेजारीण तोंड फिरवून हसली. मामा कामं आठवून चपला शोधू लागला. भाचीनं पायानंच त्या त्याच्याकडे सरकवल्या.