आर्व्हिडची पहिली चाल

आर्व्हिड कोल्स्टाडने तीस वर्षं काउंटीचा बर्फ ढकलणारा ट्रक चालवला आणि बावीस वर्षं डुलूथच्या बुद्धिबळ क्लबात एकच सुरुवात खेळली. पांढऱ्या सोंगट्या वाट्याला आल्या की वजिरापुढचं प्यादं दोन घरं पुढे, मग उंट बाहेर, मग प्याद्यांची भिंत. माणूसच नाकासमोर चालणारा. क्लबातले म्हणायचे, आर्व्हिडशी खेळायचं तर पहिल्या सहा चाली फोनवरच उरकून घ्याव्यात. तो हसायचा. सरळ रस्त्याने जायला लाज कसली?

अडचण एकच होती, लोरेटा हापाला. हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेली ही बाई सात वेळा क्लबची विजेती. बावीस वर्षांत आर्व्हिडशी दोन डाव बरोबरीत सुटले, बाकी सगळे तिने जिंकले. तिला एकदा तरी हरवायचं, तेही स्वतःच्या अकलेने, तिच्या डुलकीमुळे नव्हे, एवढी एकच इच्छा आर्व्हिडने इतकी वर्षं मनात जपली होती. यंदा फेब्रुवारीत अंतिम डावाला दोघं समोरासमोर आले, आणि पांढऱ्या सोंगट्या आर्व्हिडकडे.

ल्यूथरन चर्चच्या तळघरात, कॉफीच्या भांड्याशेजारी टेबल मांडलं होतं. क्लबचा सेक्रेटरी क्लेटन बर्गक्विस्ट याने घड्याळ सुरू केलं. लोरेटा मान खाली घालून चाली लिहायच्या कागदावर नावं लिहीत होती. आर्व्हिडला राजापुढचं प्यादं आपल्या घरात जरा तिरकं बसलेलं दिसलं. असलं काही त्याला बघवत नाही. त्याने बोटाने ते सरळ केलं.

‘बसवतोय’ म्हणायचं राहिलं होतं! सोंगटी नुसती नीट बसवायची असेल तर आधी तसं तोंडाने म्हणायचं, नाहीतर हात लागला ती चालवायची, हे काल खेळायला लागलेल्या पोरालाही ठाऊक असतं. तसं पाहिलं तर कोणाचंच लक्ष नव्हतं. क्लेटन कॉफी ओतत होता. हात गुपचूप मागे घेतला असता तर फक्त देवाला कळलं असतं, आणि देव वरच्या मजल्यावर. पण आर्व्हिडचा हात काही मागे येईना. त्याने मनातल्या मनात स्वतःला दोन शिव्या हासडल्या आणि राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे सरकवलं.

लोरेटाने मान वर केली. पटाकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, परत पटाकडे. चष्मा काढून पुसला. पहिल्या चालीला उत्तर द्यायला तिने अकरा मिनिटं घेतली.

आर्व्हिडने विचार केला, एवीतेवी बुडालोच आहोत, मग गुडघाभर पाण्यात कशाला? दुसऱ्याच चालीला त्याने राजाच्या उंटापुढचं प्यादंही ढकललं, घे म्हणून. हा जुना, बेदरकार डाव तो शेवटचा खेळला तेव्हा त्याच्या डोक्यावर केस होते. लोरेटाने ते प्यादं घेतलं नाही. ती बिचकली, आखडून खेळली, आपल्याच उंटाची वाट आपल्याच प्याद्याने अडवून बसली. चौतिसाव्या चालीला तिने हार मानून राजा आडवा केला आणि हात पुढे केला.

पुढचा आठवडा आर्व्हिडचा मजेत गेला, असं म्हणायला हवं. किराणा दुकानात दोघांनी पाठ थोपटली. क्लेटनने क्लबच्या पत्रिकेला मथळा दिला: ‘कोल्स्टाडने बावीस वर्षं लपवलेला बॉम्ब’. आर्व्हिडच्या अंगावर मूठभर मांस चढलं. पण प्रत्येक शाबासकीबरोबर आत काहीतरी टोचायचं. बॉम्ब कसला डोंबलाचा! बोट लागलं होतं. आणि तिला हरवलं ते बोटाने की आपण, हे त्याचं त्यालाच सांगता येत नव्हतं.

क्लबची रीत अशी, की विजेत्याने पुढच्या मंगळवारी भिंतीवरच्या मोठ्या पटावर आपला डाव उलगडून दाखवायचा. हरणाऱ्याने पहिल्या रांगेत बसायचं, आणि त्याला वाटेल तेव्हा तोंड घालायची मुभा. बाहेर उणे वीस असूनही तळघर भरलं होतं. लोरेटाने मांडीवर लिंबाच्या वड्यांची बशी घेतली होती.

“तर, सुरुवातीचं सांगायचं तर,” आर्व्हिडने घसा खाकरला, “मी असा विचार केला, की लोरेटा तयारी करून येणार...”

“तीस तास,” लोरेटा म्हणाली. “तुझ्या त्या मेल्या भिंतीवर मी तीस तास घालवले रे. आणि तू हे किती महिने शिजवत होतास?”

तीन महिने, असं उत्तर त्याने घरी आरशासमोर म्हणून ठेवलं होतं. ते ओठांपर्यंत आलंसुद्धा.

“एक मिनिटही नाही,” तो म्हणाला. “प्यादं तिरकं होतं. सरळ करायला गेलो, बसवतोय म्हणायला विसरलो. हात लागला, म्हणून चालवलं.”

मग मागून कोणीतरी फिस्सकन हसलं, आणि सगळं तळघर हसत सुटलं. क्लेटनने पत्रिकांचा गठ्ठा छातीशी धरला. “अरे देवा, चाळीस प्रती छापल्यात रे मी!”

हसली नाही ती फक्त लोरेटा. तिने बशी शेजारच्याकडे दिली आणि उठून पटापाशी आली.

“मी तेव्हा नावं लिहीत होते. मला काही दिसलं नव्हतं.”

“माहीत आहे.”

“मग हात मागे का नाही घेतलास, गाढवा?”

“लागला होता ना,” आर्व्हिड म्हणाला. त्याला दुसरं कारण माहीतच नव्हतं. “हे बघ लोरेटा, हा डाव खरा धरायला नको. तू म्हणशील तेव्हा पुन्हा खेळू. विजेत्याचा कप क्लेटनकडेच राहू दे.”

“गप बस. पहिली चाल बोटाची, मान्य. अकरा मिनिटं मी तुझा कावा शोधत होते, आणि तुझ्याकडे कावाच नाही, एवढंच सुचलं नाही. तो माझा मूर्खपणा. उरलेल्या तेहतीस चाली कोणाच्या?”

आर्व्हिडने मान खाजवली.

“एकविसावी लाव,” ती म्हणाली.

त्याने सोंगट्या लावल्या. विसाव्या चालीला त्याने तिच्या राजाच्या तोंडाशी घोडा बळी दिला होता. तिथून कोणीही वजिराने शह देत सुटलं असतं. त्याने मात्र एकविसाव्या चालीला आपला राजा हळूच एक घर सरकवून कोपऱ्यात नेला होता.

“घोडा देऊन बसलास आणि राजा कोपऱ्यात? चार दिवस मी या चालीवर बसले. तिच्यानंतर माझा डाव संपला, एवढं कळतं. पण तुला ती सुचली कशी, ते काही कळत नाही. समजावून सांग मला.”

बावीस वर्षांत लोरेटा हापालाने क्लबात कोणालाही ‘समजावून सांग’ म्हटलं नव्हतं. आर्व्हिडने खिशातला रुमाल काढून उगाच नाक पुसलं, आणि मग तो पटाकडे वळला.

“हे बघ,” तो म्हणाला, “तुझा वजीर इथून मला शह देणार होता.”